मदत हवी आहे: देवराईतल्या ड्रोसोफिलाच्या माद्या कशा ओळखायच्या?

भोरजवळची एक देवराई आणि तिच्या शेजारचं तोडलेलं रान, दोन्हीकडे ड्रोसोफिलाच्या कोणत्या जाती मिळतात ते मोजतेय. (आंब्यातली फळमाशी नव्हे, पिकल्या केळ्यावरची बारीक चिलटं.) रान बदललं की जातींचं प्रमाण बदलतं का, हे मला मनापासून बघायचंय.

केळं आणि यीस्टचे सापळे लावले. झाप्रिओनस (याच कुळातली दुसरी माशी) पांढऱ्या पट्ट्यांमुळे लगेच कळते. ड्रोसोफिलाच्या बायपेक्टिनाटा आणि मालेरकोटलियाना या जातींचे नर पुढच्या पायावरच्या कंगव्यावरून (कंगव्यासारख्या राठ केसांच्या रांगांवरून) वेगळे काढले, पण माद्या सारख्याच दिसतात. सगळे नमुने 70 टक्के अल्कोहोलमध्ये आहेत, त्यामुळे माद्यांची पिल्लं वाढवून त्यांतल्या नरांवरून जात ओळखणं शक्य नाही. डीएनए तपासणी परवडत नाही. 40 पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक आहे. माद्यांमध्ये भरवशाची काही खूण असते का, की फक्त नरच मोजून दोन जागांची तुलना केलेली चालेल?