मे महिन्याच्या सुट्टीत मसाई मारा? माझ्या मते जाऊ नये

अरण्या
फेब्रुवारी उजाडला की केनियाच्या उन्हाळी सहलींच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यांत हमखास मारा नदीत उड्या घेणाऱ्या विल्डबीस्टच्या, म्हणजे काळविटाच्या कुळातल्या मोठ्या प्राण्यांच्या, कळपांचा फोटो असतो. मे महिन्यात हे कळप मसाई मारा या केनियातल्या अभयारण्यात नसतातच. तेव्हा ते टांझानियात, सेरेंगेटीच्या मध्य आणि पश्चिम भागात असतात. केनियात येतात साधारण जुलैच्या मध्यापासून आणि ऑक्टोबर संपता संपता परत फिरतात.

आयुष्यात एकदाच जमणारी सहल असेल तर मे टाळा, असं माझं ठाम मत आहे. मार्च ते मे हा तिथला मोठा पावसाळा, स्वाहिलीत ‘मसिका’. मारामधली बरीचशी जमीन काळी आहे, मराठवाड्यातल्या रेगुराच्याच जातीची. भिजली की गाडी रुतते. कितीतरी कॅम्प एप्रिल-मेमध्ये बंदच असतात. १ मे २०२४ ला तालेक नदीला पूर आला, काठचे कॅम्प पाण्याखाली गेले आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने हलवावं लागलं. शिवाय चरायला कळप नसल्यामुळे गवत उंच वाढलेलं. त्यात आडवी झालेली सिंहीण अगदी जवळ असूनही दिसत नाही.

भटक्या_नाशिक
अजिबात पटलं नाही. सिंह, बिबटे, चित्ते, हत्ती बाराही महिने तिथेच असतात. गवत वाढलं की चित्ता टेहळणीसाठी वारुळावर चढून बसतो आणि वाटाडे नेमके तिथेच शोधतात. पाऊस म्हणाल तर ती कोकणातली आठ-आठ दिवसांची झड नव्हे. बहुतेक वेळा दुपारनंतर किंवा रात्री कोसळतो, सकाळची फेरी मिळते.

आणि पैशांचं कोणी का बोलत नाही? मारा अभयारण्याचं परदेशी प्रौढासाठीचं शुल्क जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलैपासून डिसेंबरपर्यंत २०० डॉलर आहे. नवरा-बायको तीन दिवस राहिले तरी फक्त या फरकाचे ६०० डॉलर होतात. मध्यमवर्गीय घराला मे परवडतो, ऑगस्ट परवडत नाही. ऑगस्टमध्ये एका सिंहाभोवती गाड्यांचं कडं पडतं, ते वेगळंच.

नैरोबीकर
मी इथे राहतो, म्हणून दोघांनाही थोडं अडवतो. अरण्याताई, मसिकाला वाईट हंगाम म्हणू नका. पाऊस लागोपाठ हुकत गेला की काय होतं ते २०२२ मध्ये आम्ही पाहिलं: सरकारी अहवालाप्रमाणे फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात दुष्काळाने २०५ हत्ती आणि ५१२ विल्डबीस्ट मेले. तुम्हाला जुलैत जे कळप बघायचे आहेत ते याच पावसाच्या गवतावर जगतात.

पण भटक्याभाऊ, सगळा मे एकसारखा नसतो. एप्रिलचा जोर पहिल्या पंधरवड्यात टिकू शकतो, शेवटच्या आठवड्यापर्यंत बहुधा ओसरतो. अगदी जायचंच तर तेव्हा जा, आणि गाडी साधी सफारी व्हॅन आहे की चारही चाकांना ताकद असलेली लँड क्रूझर, हे लेखी घ्या. ओल्या काळ्या जमिनीत सगळं त्यावर ठरतं.

केनियातल्याच अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाबद्दलही सांगतो. पावसाने हवा धुऊन निघाली की ५,८९५ मीटरचा किलिमांजारो पहाटे छान दिसतो, पण हत्तींची खात्री तेव्हा कमी होते. कोरड्या दिवसांत ते किलिमांजारोच्या भूजलावर जगणाऱ्या दलदलीपाशी जमतात. पावसात पाणी सगळीकडे मिळतं, मग ते पांगतात.

पल्लवी_ठाणे
मला मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो. सगळी चर्चा नदी ओलांडण्याभोवती का? हे स्थलांतर तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्टचं आणि वर्षभर चालणारं आहे. त्यातला सगळ्यात थरारक काळ माझ्या मते फेब्रुवारीचा, दक्षिण सेरेंगेटीत न्दुतूच्या बाजूला. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात, आणि काही मिनिटांत उभी राहून आईमागे धावू लागतात. इतकी एकदम येतात की तरस, चित्ते, सिंह खाऊन खाऊन किती खाणार! जागाही उगाच निवडलेली नाही. तिथल्या मातीत ज्वालामुखीची राख आहे, त्यामुळे आखूड गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. दूध पाजणाऱ्या माद्यांना तेच हवं असतं.

उलट नदीवर दरवर्षी सरासरी ६,२५० विल्डबीस्ट बुडून मरतात असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. हे निसर्गाचंच आहे, त्या मृत शरीरांवर मगरी, गिधाडं, मासे जगतात. पण काठावर गाड्या दाटीने उभ्या करून कळपाची उतरायची वाट अडवायची, आणि त्याला सहलीचं मुख्य आकर्षण म्हणायचं, हे मला पाहवत नाही.

अरण्या
पल्लवी, न्दुतूबद्दल एकशे एक टक्के मान्य. पण फेब्रुवारीत शाळकरी मुलांच्या आईबापांनी निघायचं कसं? वार्षिक परीक्षा तोंडावर असते. दिवाळी म्हणाल तर ती नोव्हेंबरात आली की मारातले कळप बहुतेक गेलेले असतात आणि ‘वुली’, म्हणजे छोटा पाऊस, सुरू होतो. नैरोबीकर, पाऊस सृष्टीसाठी चांगला यात वाद नाही. मी चिखलात रुतलेल्या गाडीत दिवस घालवणाऱ्या कुटुंबाबद्दल बोलतेय.

वऱ्हाडी_वाघ
जून कोणीच का धरत नाही? राज्यातल्या बऱ्याच शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आमच्या विदर्भात तर उन्हामुळे महिनाअखेर. जूनमध्ये पाऊस सरलेला असतो, शुल्क अजून १०० डॉलरच. कळपच बघायचे असतील तर टांझानियात ग्रुमेती नदीच्या पट्ट्यात जा, तिथेही मगरी आहेत आणि तिथेही कळप नदी ओलांडतात.

भटक्या_नाशिक
म्हणजे मारामध्ये जूनलाही मोठे कळप नाहीतच. मग अरण्याताईंच्या हिशोबाने जूनही बाद करायचा का?

अरण्या
नाही. कळप नसणं हा दोष नाही, नसलेले कळप फोटोत दाखवून सहल विकणं हा आहे. जाहिरातीत महिन्यासमोर कळप कुठे असतील ते छापा आणि मग खुशाल मेची सहल विका. रस्ते कोरडे असतील तर जूनला माझी हरकत नाही.

नैरोबीकर
जूनमध्ये मारा अगदी रिकामा नसतो. पूर्वेकडच्या लोइटा मैदानांतून विल्डबीस्टचा एक वेगळा, छोटा कळप कोरड्या दिवसांत मारामध्ये येतो. गेल्या काही दशकांत तो फार घटला. जमिनींचे तुकडे पडले, कुंपणं आली, वाटा तुटल्या. अभयारण्याला लागून मसाई मालकांच्या जमिनी भाड्याने घेऊन राखलेली क्षेत्रं आहेत, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी अशी. भाडं मिळतं तोवर तिथे कुंपण पडत नाही. म्हणून मे-जूनला येणाऱ्यांना माझं सांगणं, निदान दोन रात्री तिकडे काढा. गर्दी नसलेल्या महिन्यांत येणाऱ्या पाहुण्याची त्यांना जास्त गरज असते.