चांगली बातमी हवी? मग आधी फोटोतली माणसं मोजा

चौथे पान (धागाकर्ता)

परवा इथेच एकाने सल्ला दिला. रोज सकाळी छोट्या गावांच्या पेपरांतून 'उभारी देणाऱ्या' पाच बातम्या वेचा, मोठी दैनिकं बंद करा, महिन्याभरात जगाकडे बघायची नजर बदलेल. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. मी गप्प बसणार होतो, पण नमुना म्हणून दिलेल्या पाच बातम्या वाचल्या आणि राहवलं नाही. पाचही प्रेसनोटा आहेत, म्हणजे संस्थांनीच लिहून पाठवलेला मजकूर.

कशावरून? फोटो बघा. सात माणसं ओळीत उभी, मधल्या दोघांच्या हातात एकच धनादेश आणि फोटोओळीत नावं नऊ. उरलेले दोघे चौकटीत मावले नाहीत, पण नोटेत होते. खालच्या मजकुरात पहिल्या वाक्यात संस्थेचं लांबलचक नाव, दुसऱ्यात अध्यक्ष, तिसऱ्यात पाहुणे. काम काय झालं ते चौथ्या वाक्यात, सहा शब्दांत. दुसऱ्या पेपरात तीच बातमी, तीच विशेषणं, शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच.

आणि सोमवारचा अंक. रविवारी कार्यालयं बंद, कोर्ट बंद, सभा नाहीत. पानं मात्र तेवढीच भरायची. आठवडाभर बाजूला पडलेल्या नोटा सोमवारी लागतात. सोमवारी जग सुधारल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

कात्रणवही

नमुने वाईट होते, मान्य. पण नमुने वाईट म्हणून शोधणंच खुळेपणाचं, हे कुठलं तर्कशास्त्र?

खरी चांगली बातमी छोट्या पेपरात 'चांगली बातमी' म्हणून छापलेलीच नसते. ती एक कॉलम, आठ सेंटिमीटर, आतल्या पानावर जाहीर सूचनांच्या शेजारी असते. 'प्रेरणादायी', 'अनोखा', 'आदर्श' हे शब्द दिसले की पान उलटा. 'पुन्हा सुरू', 'काम पूर्ण', 'दुरुस्त', 'निधी शिल्लक', 'मुदतीआधी' हे शब्द दिसले की थांबा.

उद्घाटन ही बातमी नव्हे, आश्वासन. त्याचं कात्रण लावायचं आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने सहा महिन्यांनंतरची तारीख टाकायची. तो आठवडा आला की त्या आठवड्याचे सगळे अंक चाळायचे. वाचनालय अजून चालू असेल तर त्याचा पुरावा बातमीत मिळत नाही, 'आजचे कार्यक्रम' या बारीक टाइपातल्या यादीत मिळतो: शनिवारी पाच वाजता, वाचनालयाची वरची खोली. ही ओळ छापताना कौतुक करायचं कुणाच्या मनात नव्हतं, म्हणून ती भरवशाची.

बोरू

एवढा खटाटोप कशाला? पेपरचा धंदा वाईट बातमीवरच चालतो, हे गाल्टुंग आणि रुगे या संशोधकांनी १९६५ च्या निबंधातच दाखवून दिलंय. छोटा पेपर काय, मोठा पेपर काय.

तळटीप

बोरूसाहेब, तो निबंध एकदा वाचून तरी बघा. योहान गाल्टुंग आणि मारी होल्मबो रुगे यांनी तपासल्या त्या परदेशी बातम्या: काँगो, क्यूबा आणि सायप्रस इथल्या पेचप्रसंगांच्या, चार नॉर्वेजियन वर्तमानपत्रांतल्या. गावातल्या बंद पडलेल्या पंपाच्या बातमीला तो गज लावता येत नाही.

छोट्या पेपरांवरचं काम हवं असेल तर अमेरिकेतल्या मिनेसोटाचे टिचेनर, डोनोह्यू आणि ओलियन हे तिघे संशोधक बघा. त्यांचं म्हणणं साधारण असं: गाव जितकं लहान आणि एकजिनसी, तितका तिथला पेपर गावातला वाद छापायला कचरतो. संपादक आणि ज्याच्यावर बातमी करायची तो, दोघे रोज एकमेकांसमोर येतात. जाहिरातदारही तोच. म्हणजे छोट्या पेपरात चांगुलपणा जास्त दिसतो तो चांगुलपणा जास्त असतो म्हणून नव्हे. भांडण तोंडोतोंड मिटतं किंवा दाबलं जातं, छापलं जात नाही. कात्रणवही, तुमच्या वहीवर खरा आक्षेप हा आहे. फोटोतली डोकी मोजण्याचा नाही.

चौथे पान

चला, कुणीतरी माझ्या बाजूने बोललं. डोक्यांचा अपमान केला ते सोडून देतो.

तळटीप

मी कुणाच्या बाजूने नाही. तुमची बाजू तर आणखी कच्ची. 'पाकीट परत केलं' हा छोट्या पेपरातला कायमचा ठोकळा, तुम्ही त्याला अपवाद म्हणून हसणार. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रयोग आला: ४० देश, ३५५ शहरं, 'हरवलेली' म्हणून दिलेली १७ हजारांवर पाकिटं. बिनपैशांच्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्क्यांबाबत मालकाशी संपर्क साधला गेला, पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांबाबत. पैसे होते तर परत करायचा कल वाढला. प्रामाणिकपणा दुर्मीळ म्हणून छापला जातो, पण तो तितका दुर्मीळ नाही.

बोरू

आता तुम्ही वाचा. पाकिटं रस्त्यात टाकलेली नव्हती. बँक, टपाल कचेरी, हॉटेल, संग्रहालय अशा ठिकाणी काउंटरवरच्या माणसाच्या हातात दिली होती. आणि मोजलं काय, तर त्याने मालकाला ईमेल केला की नाही. पाकीट खरंच घरी पोचलं का, हा वेगळा प्रश्न. जो देश ईमेल कमी वापरतो तो अप्रामाणिक ठरणार का?

तळटीप

काउंटरची आणि ईमेलची हरकत बरोबर. देशांची क्रमवारी त्याने डळमळते. पण एकाच देशात, त्याच काउंटरांवर, पैसे असलेलं आणि नसलेलं यांतला फरक त्याने पुसला जात नाही. अर्धा गुण घ्या.

जुळारी

सगळे विद्वान भांडताहेत, पण मूळ अडचण कुणाच्या लक्षात नाही. कात्रणवही म्हणतात 'पुन्हा सुरू' शोधा. शोधणार कुठे? ई-पेपरच्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. रोमन अक्षरांचा उकिरडा पडेल. जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेत. डोळ्याला मराठी दिसतं, यंत्राला दिसत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरी १९९१ पासून आहे. तरी आज अंक त्याच फॉन्टात लावणार आणि वर 'डिजिटल आवृत्ती' म्हणून मिरवणार!

जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण ते काय करतात बघा. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर ती एकच घर पुढे सरकवतो आणि 'स्थिती'चं 'स्िथती' होतं. रफाराची गोष्ट उलटी: जुन्या फॉन्टात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणून 'कार्यक्रम'चा 'कायर्क्रम'. तुमची 'आजचे कार्यक्रम' यादी सापडणार नाही, कारण ती 'कायर्क्रम' नावाने दडून बसली आहे.

चौथे पान

धागा चांगल्या बातम्यांचा आहे, रफाराचा नाही.

जुळारी

जे शोधता येत नाही त्यावर मत कसलं देता? आधी रफार, मग मत.

कात्रणवही

पीडीएफला हातच लावू नका. पानाचं चित्र करून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून वाचून घ्या, काम झालं.

जुळारी

काम झालं म्हणे. पूर्ण पान द्याल तर ते कॉलमांच्या आडवं वाचतं. एका कॉलममधली पाण्याची टाकी आणि शेजारच्यातली चोरी एका वाक्यात येतात. नीट करायचं तर चित्र ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके), बारीक टाइप असेल तर ४००. करड्या छटांत, निव्वळ काळं-पांढरं कधीच नाही, कारण त्यात पातळ कागदातून मागच्या पानाची शाई ठसठशीत उमटते आणि बारीक वेलांट्या उडतात. मग कॉलम सुटा कापायचा. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामला मराठीचं पॅक लावायचं आणि पान-विभागणी ६ वर ठेवायची, म्हणजे तो सगळा तुकडा एकच ठोकळा मानतो. तरीही घ-ध आणि भ-म यांवर भरवसा ठेवू नका. आकडे तर मूळ चित्राशी ताडल्याशिवाय वहीत उतरवूच नका. एक शून्य गळलं की देणगीचा दशांश होतो.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर वाचकच जुन्या पेपरांतलं चुकलेलं वाचन ओळीओळीने सुधारतात. आपल्याकडे वाचक हात जोडतात.

बोरू

आठ पानांचा अंक असतो. डोळ्यांनी चाळायला वीस मिनिटं पुरतात. यासाठी टेसरॅक्ट?

कात्रणवही

एका अंकाला वीस मिनिटं. चार पेपर, सहा महिने मागे, करा गुणाकार. पण एक मुद्दा तुमचा घेते: शब्द टाकून शोधलं की जे शोधलं तेवढंच मिळतं. शेजारची सूचना नजरेआड होते. म्हणून तारीख शोधाने काढावी आणि तो अंक सबंध डोळ्यांनी वाचावा.

तळटीप

मूळ प्रश्नावर येता येईल का? सल्ल्यात 'मोठी दैनिकं बंद करा' असंही होतं. अंशतः पटतं. २०२३ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात आलं की सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढतं. माहिती घेतली होती अपवर्दीची, म्हणजे गोड बातम्यांसाठी नावाजलेल्या साइटची. तिथेही वाचक कडूकडेच वळला. छापील छोट्या पेपराला प्रत्येक मथळ्यामागे हा हिशेब नसतो. अंक आख्खा विकला जातो. एवढीच त्याची जमेची बाजू.

चौथे पान

आणि उणे बाजू? बातमी आणणारा आणि जाहिरात आणणारा बहुतेकदा एकच माणूस. तो देणगीदाराला 'एवढ्या पैशांत खरंच काय झालं' असं विचारेल?

कात्रणवही

नाही विचारणार. म्हणून उत्तर दुसरीकडे शोधायचं. बातमीत काम करणाऱ्याखेरीज आणखी कुणाचं बोलणं आहे का? पैसे कुणी दिले, किती, आणि खर्च कशावर, यांपैकी दोन तरी आहेत का? नसतील तर बारीक टाइपातल्या निविदा सूचना बघा. त्याच कामाची निविदा वर्षात दुसऱ्यांदा निघाली असेल तर पहिल्या फोटोचं काय झालं ते आपोआप कळतं. आणि बातमी शेवटापर्यंत वाचा. पानात जागा कमी पडली की खालून कापतात. मोठ्या दैनिकाने उचललेल्या आवृत्तीत 'मात्र देखभालीची तरतूद नाही' हा शेवटचा परिच्छेद बहुधा गेलेला असतो; गावच्या पेपरात तो राहतो, कारण तिथे पान भरायचं असतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

चौथे पान

म्हणजे उभारी मिळवायला आधी निविदा वाचायच्या. सल्ला देणाऱ्याला हे सांगा, रांग क्षणात मोडेल.

बरं, ते पाच नमुने पुन्हा काढून वाचले. चार प्रेसनोटाच. पाचवीत मी फोटो बघून निकाल दिला होता, तो फोटो वरच्या बातमीचा निघाला. खाली पंपदुरुस्तीचे सात परिच्छेद आहेत. सहाव्यात खर्च, सातव्यात 'सुटा भाग मिळाला नाही, जुनाच घासून बसवला'. आभार कुणाचेच नाहीत. घ्या, चिकटवा वहीत.

कात्रणवही

चिकटवली. तारीखही टाकली.

जुळारी

सहा महिन्यांनी 'दुरुस्ती' शोधाल तेव्हा 'दुरुस्ित' पण टाकून बघा. ऱ्हस्व लिहिणारे असतात.