एम.एस. आणि एक्सोस्केलेटन: ताईला सुरू करावं का?

नमस्कार,

माझ्या थोरल्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एम.एस., मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) होऊन चौदा वर्षं झाली. आधी अटॅक यायचा, स्टेरॉइडनं उतरायचा, ताई पुन्हा हिंडायला लागायची. गेली चार वर्षं अटॅक नाही, पण चालणं गुपचूप कमी होत चाललंय. डॉक्टर याला सेकंडरी प्रोग्रेसिव्ह म्हणतात. दोन काठ्यांवर ती खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत येते, मध्ये एकदा भिंतीला टेकते. उजवं पाऊल घासतं. ईडीएसएस ६.५. (एम.एस.मुळे हालचाल किती कमी झाली ते सांगणारी ही ० ते १० ची मोजपट्टी. ६ म्हणजे एका बाजूच्या आधारानं साधारण १०० मीटर, ६.५ म्हणजे दोन्ही बाजूंच्या आधारानं २० मीटर, ७ ला व्हीलचेअर.)

तिच्या फिजिओंनी एक्सोस्केलेटनवर चालण्याचा सराव सुचवलाय. कंबरेपासून पावलांपर्यंत पट्ट्यांनी बांधायचं यंत्र, नितंब आणि गुडघ्याच्या सांध्यांवर मोटर. वजन एका पायावर झुकवलं की दुसरा पाय उचलला जातो, आणि कुठल्या पायाला किती मदत द्यायची ते फिजिओ ठरवतात. एक्सोएनआर या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०२२ साली एम.एस.साठी मान्यता दिली. त्याआधी ते पक्षाघात, मेंदूची इजा आणि मज्जारज्जूची इजा यांच्यासाठीच होतं. मान्यता आहे ती प्रशिक्षित फिजिओच्या देखरेखीखाली वापरायला. म्हणजे घरी आणून ताई त्यात फिरेल, असं नाही.

इथेच माझं घोडं अडलंय. यंत्रात ती शंभर पावलं टाकेल, मान्य. पण यंत्र उतरवल्यावर काय? २०२० साली इटलीत ईडीएसएस ६ ते ७ असलेल्या ७२ जणांवर चाचणी झाली. अर्ध्यांना ट्रेडमिलवरच्या रोबोटनं चालवलं, अर्ध्यांना फिजिओनं जमिनीवर भरपूर चालवलं. दोन्ही गटांत थोडी सुधारणा झाली, रोबोटचा गट वरचढ ठरला नाही. ते यंत्र वेगळं होतं हे खरं, तरी वाचून मन खट्टू झालं.

दुसरी काळजी थकव्याची. ताईचा थकवा झोपून जाणारा नाही. कोमट पाण्यानं अंघोळ केली तरी दृष्टी धूसर होते, पाय लाकडासारखे होतात. सरावानंतर तिचा उरलेला दिवस बिछान्यात जाणार असेल, तर त्या शंभर पावलांचं मी काय करू? ताईला मात्र फार आशा वाटतेय. काल म्हणाली, "उभं राहून तुझ्याकडे बघायचंय रे, खालून नाही." तिला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि खोटी आशाही द्यायची नाही.

ज्यांनी हे केलंय किंवा करवून घेतलंय त्यांनी कृपया सांगा: सुरू करण्याआधी काय तपासावं? आणि उपयोग होतोय की नाही हे कशावरून ओळखावं?

प्रतिसाद १

मी न्यूरो-फिजिओ आहे. आधी हाडांची घनता तपासून घ्या. वर्षानुवर्षं स्टेरॉइड झालेत आणि उभं राहणं कमी, त्यामुळे हाडं ठिसूळ असू शकतात. सांधे आखडलेले असतील किंवा ताठरपणा फार असेल तर पाय यंत्रात नीट बसत नाही. पण ताठरपणा कमी करायला बॅक्लोफेन परस्पर वाढवू नका. कित्येकांना उभं राहताना तोच ताठरपणा आधार देत असतो; तो गेला की गुडघे वाकतात. डॉक्टर आणि फिजिओ दोघांशी बोलूनच डोस ठरवा.

पट्ट्यांखालची त्वचा दर वेळी बघा. संवेदना कमी असली तर टोचतंय हे तिला कळणार नाही. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर पट्टीची जागा बदलायला सांगा.

मोजायचं म्हणाल तर पंचवीस फूट चालायला किती सेकंद लागतात ते सुरुवातीलाच लिहून ठेवा, यंत्राशिवाय, नेहमीच्या काठ्यांवर. सहा आठवड्यांनी पुन्हा, दिवसाच्या त्याच वेळी. २० टक्क्यांच्या आसपास फरक पडला तर तो खरा धरतात.

प्रतिसाद २

मला स्वतःला एम.एस. आहे. दादा, थकव्यापायी सोडून देऊ नका, आखणी करा. मी सकाळची वेळ घेते, खोली थंड ठेवायला सांगते, कूलिंग जॅकेट घालते, आधी लघवीला जाऊन येते. उष्णतेनं लक्षणं वाढतात ती अंग थंड झालं की उतरतात, तो नवा अटॅक नसतो. हे कळल्यावर माझी भीती गेली. पहिले दोन आठवडे मी एका वेळी दहाच मिनिटं उभी राहिले. चालण्याचा वेग फारसा वाढला नाही. पण पलंगावरून खुर्चीत जाताना आता नवऱ्याला हाक मारावी लागत नाही, आणि माझ्यासाठी ते पुष्कळ आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हाडांची तपासणी या आठवड्यात करतोय. प्रतिसाद २ मधलं ताईला वाचून दाखवलं. तिनं मोजायच्या यादीत दोन गोष्टी घातल्या: पलंग ते खुर्ची एकटीनं, आणि ओट्याला धरून पाच मिनिटं उभं राहणं. सहा आठवड्यांत आकडे हलले नाहीत तर थांबायचं, हेही तिनंच ठरवलंय.

एकच विचारायचं राहिलं. सरावाच्या दुसऱ्या दिवशीही थकवा उतरला नाही, तर पुढची वेळ रद्द करावी की मिनिटं कमी करून जावं?