ध्येय आकड्यात लिहावं की रोजच्या कामात?

डोंगरवाट
सप्टेंबरातल्या सातारा हिल मॅरेथॉनसाठी '२१ किलोमीटर अडीच तासांत' असे संकल्प सगळीकडे दिसतायत. माझं स्पष्ट मत: वेळेचा आकडा हे ध्येय नव्हेच. शर्यतीच्या वाटेवरच्या यवतेश्वरच्या घाटात त्या दिवशी धुकं असेल की पाऊस, हे आपल्या हातात नाही. आठवड्याचा सराव मात्र आपल्या हातात आहे. म्हणून एवढंच लिहा: १६ आठवडे, आठवड्यातून चार दिवस पळणं, त्यातलं एक लांब. दिवस झाला की कॅलेंडरवर फुली. साखळी तुटू द्यायची नाही.

आकडेमोड
अजिबात पटत नाही. फुल्या भरतात, पण पळण्यात सुधारणा होतेच असं नाही. चारही दिवस त्याच आरामाच्या वेगाने पळलात तर सोळाव्या आठवड्यातही तिथेच असाल. लॉक आणि लेथम या मानसशास्त्रज्ञांचं ध्येयांवरचं संशोधन हेच सांगतं: 'जमेल तितकं करा' यापेक्षा नेमकं आणि जरा अवघड ध्येय असलेल्यांचं काम सरस होतं.

शिवाय आकडा फोडला की सराव कसा करायचा ते कळतं. अडीच तास म्हणजे, हाफ मॅरेथॉनचे नेमके २१.१ किलोमीटर धरले तर, किलोमीटरला सरासरी ७ मिनिटं ६ सेकंद. घाटात ती कामाची नाही. निम्मा चढ, निम्मा उतार मानून चढाला किलोमीटरमागे ८ मिनिटं धरली, तर उतारावर साधारण ६ मिनिटं १२ सेकंदांनी उतरावं लागेल. म्हणजे उतारावर पळण्याचाही सराव हवा, आणि तोच बहुतेक जण टाळतात. मांड्या तिथेच भरून येतात.

डोंगरवाट
आणि सराव मागे पडला की हाच आकडा घात करतो. दोन रविवार बुडाले म्हणून १२ किलोमीटरवरून थेट १८ वर उडी. मग नडगी दुखायला लागते आणि तीन आठवडे घरी. फुलीवाला माणूस १२ वरून १३-१४ वर जातो.

आकडेमोड
तो आकड्याचा दोष नाही, आकडा न तपासल्याचा आहे. आठव्या आठवड्यात सपाटीवर १० किलोमीटर पूर्ण जोर लावून पळा. ६८ मिनिटं लागली तर सपाटीवरचे २१ साधारण अडीच तासांत होतात, पण घाटात त्याहून जास्त वेळ लागणार. तेव्हा ६३-६४ च्या पुढे गेलात तर ध्येय तिथेच बदला, पावणेतीन तास करा. हा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवायचा. दमलेल्या डोक्याने ठरवायचा नाही.

उंबरठा
तुम्ही दोघंही 'काय' यावर भांडताय. सराव बुडतो तो 'कधी, कुठे' न ठरवल्यामुळे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी यावर बरंच काम केलंय: 'अमुक झालं की तमुक करायचं' असं आधी जोडून ठेवलं, तर ठरवलेलं हातून होण्याची शक्यता वाढते. 'सकाळी पळणार' हे कच्चं वाक्य. 'मंगळवारी ५:४० चा गजर वाजला की दाराशी ठेवलेले बूट घालून बाहेर' हे पक्कं. जून-जुलैसाठी दुसरं वाक्यही हवंच: 'मुसळधार असेल तर सोसायटीच्या जिन्यावर ३० मिनिटं चढउतार.' पावसाचं आधी ठरलेलं नसेल तर पांघरूण जिंकतं.

डोंगरवाट, साखळीबद्दल मात्र तुमच्याशी मतभेद आहे. लंडनमधल्या ९६ जणांच्या सवयींचा संशोधक फिलिपा लॅली यांनी अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, कुणाला २५४ पर्यंत लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. 'तुटू द्यायची नाही' म्हटलं की पहिल्या तापातच माणूस सगळं सोडून देतो.

डोंगरवाट
हे मान्य. साखळी काढतो, 'आठवड्यात चारपैकी तीन झाले तरी आठवडा धरायचा' असं करतो. सलग दोन आठवडे तीनच्या खाली गेले, तर पुढच्या रविवारचं अंतर वाढवायचं नाही. पण वेळेचा आकडा त्या कागदावर अजूनही लिहिणार नाही.

आकडेमोड
मग आठव्या आठवड्यातली १० किलोमीटरची चाचणी तरी लिहा. ती नसेल तर घाटात कोणत्या वेगाने सुटायचं हे कशावरून ठरवणार?