दारू पिऊन गाडी ठोकली तर इन्शुरन्स कंपनीने पैसे द्यावेत का?

भरधाव_बैलगाडी
काल ऑफिसात जेवताना यावरून चांगलीच जुंपली म्हणून इथे टाकतोय. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, त्यातलं नवीन कलम १५० एप्रिल २०२२ पासून लागू आहे. आधीचं कलम १४९ होतं, त्यात कंपनीला कोर्टात हात वर करायला जी कारणं दिली होती त्यात लायसन्स नसणं वगैरे होतं, दारूचं नाव नव्हतं, ती फक्त पॉलिसीच्या अटींमध्ये असायची. आता दारू पिऊन चालवणं त्या यादीत नावानिशी आलंय. माझा मित्र म्हणतो झालं ते बरंच झालं, पिणाऱ्यांचे लाड कशाला. माझं म्हणणं, पिणाऱ्याला एक रुपया देऊ नका ना, पण ज्याला उडवलं त्याने काय घोडं मारलंय? त्याने काय रस्ता क्रॉस करताना बघायचं, की ही गाडी येतेय, हिचा ड्रायव्हर शुद्धीत दिसतोय, चला हिच्याच खाली जाऊ? तर माझं मत असं की तिऱ्हाईत माणूस मेला किंवा जखमी झाला तर कंपनीने आधी पूर्ण पैसे मोजावेत आणि मग पिणाऱ्याच्या मानगुटीवर बसावं. त्याच्या स्वतःच्या गाडीचे मात्र शून्य. बोला.

हेल्मेटवाला
अजिबात पटलं नाही. वीस वर्षं गाडी चालवतोय, एक क्लेम घेतलेला नाही, पार्टीला जायचं असेल तर गाडी घरी ठेवून जातो. कंपनी देते म्हणजे काय कंपनीच्या मालकाच्या खिशातून जातात का, माझ्याच प्रीमियममधून जातात. म्हणजे पार्टी त्याची आणि बिल आमच्यात वाटून. ज्याने उडवलं त्याचं घर विका, गाडी विका, दागिने विका आणि द्या जखमीला. एकदा दोघातिघांची घरं लिलावात निघाली की बाकीचे आपोआप रिक्षा करतील. कंपनी भरेल ही खात्री आहे म्हणूनच लोक बिनधास्त स्टार्टर मारतात.

अर्धा_वकील
हेल्मेटवाला, थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला लागलं तर त्याचा जो इन्शुरन्स असतो त्याचा, प्रीमियम तुमच्या चांगल्या वागण्यावर ठरत नाही हो. तो सरकार ठरवतं आणि इंजिनच्या सीसीवर ठरवतं. खाजगी कारला २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, १५०० पर्यंत ३४१६, त्याच्या वर ७८९७. तुम्ही वीस वर्षं साधुसंतासारखे चालवा नाहीतर दर शनिवारी डिव्हायडरवर चढवा, आकडा तोच. नो क्लेम बोनस तुम्हाला मिळतो तो ओन डॅमेजच्या भागावर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो इन्शुरन्स असतो त्यावर. लोक या दोन गोष्टींची खिचडी करतात आणि मग भांडतात. थर्ड पार्टी कायद्याने सक्तीची आहे ती मालकाचं भलं व्हावं म्हणून नाही, रस्त्यावरच्या माणसासाठी आहे.

आणि कंपनी भरेल या भरवशावर कोण पितो? जो माणूस स्वतः मरेन याला घाबरत नाही तो कलम १५० ला घाबरेल?

वाकडी_नंबरप्लेट
मी आता शिव्या खाणार आहे पण लिहितोच. माझ्या मते ओन डॅमेजसुद्धा द्यायला पाहिजे. थांबा, आधी ऐका. फोनवर रील बघत ठोकली तर क्लेम मिळतो. रात्रभर जागून डुलकी लागली आणि झाडावर घातली, क्लेम मिळतो. सिग्नल तोडला, राँग साइडने आला, बायकोशी भांडत वळण चुकला, मिळतो. अहो इन्शुरन्स असतोच गाढवपणाचा! सगळे नीट चालवणार असते तर कंपन्या उपाशी मेल्या असत्या. मग एकाच गाढवपणाला वेगळा न्याय का? दारूला शिक्षा वेगळी आहे की, कलम १८५ मध्ये पहिल्यांदा सापडला तर १० हजार दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन्ही. तीच शिक्षा कडक करा. इन्शुरन्स कंपनी काय न्यायाधीश आहे का की तिनेही वरून एक दंड ठोकावा, आणि तो दंड परत तिच्याच गल्ल्यात?

भरधाव_बैलगाडी
हे मात्र अती झालं राव. डुलकी लागते, दारू लागत नाही, ती ओतून घ्यावी लागते. ग्लास हातात घेताना गाडीची किल्ली खिशात आहे हे माणसाला माहीत असतं. आणि पॉलिसीवर सही करताना अट वाचलेली असते, निदान समोर तरी असते.

वाकडी_नंबरप्लेट
फोनपण हातात घ्यावाच लागतो की. तो काय आपोआप उडी मारून येतो?

हेल्मेटवाला
फोनवाल्यालाही देऊ नका. झालं समाधान?

क्लेमची_फाईल
बरीच वर्षं क्लेमच्या कामात आहे, कंपनीचं नाव विचारू नका. तुम्ही सगळे असं धरून चाललाय की प्यायला होता की नव्हता हे कपाळावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात काय असतं सांगतो. कायद्याची मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. आणि रक्तातली दारू ढोबळमानाने तासाला १५ च्या आसपास उतरते. म्हणजे ठोकली तेव्हा ८० होती, पोलीस येईपर्यंत एक तास, हॉस्पिटलात दुसरा, नातेवाईक आणि साहेबांचे फोन यात तिसरा चौथा, रक्त घेतलं तेव्हा २० आली. कागदावर माणूस निर्मळ. उलट एखादा गरीब ड्रायव्हर, त्याला कोणी फोन करणारं नाही, अर्ध्या तासात त्याचं रक्त बाटलीत. पिण्यात दोघं सारखेच, फरक फक्त ओळखीचा.

आणि कित्येक फाईलींमध्ये रक्त घेतलेलंच नसतं. मग काय, कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने केसपेपरवर तिरक्या अक्षरात एक ओळ लिहिलेली असते, तोंडाला दारूचा वास. तेवढ्या एका ओळीवर सगळी लढाई. वास किती, कशाचा, तो शुद्धीत बोलत होता का, काही नाही.

एक मोठी केस झाली आहे यावर. डिसेंबर २००७, दिल्ली, इंडिया गेटजवळ पहाटे एक पोर्शे धडकली, उलटली, जळाली. गाडी एका कंपनीच्या नावावर. ब्रेथ टेस्ट नाही, रक्ताचा रिपोर्ट नाही, फक्त वासाची नोंद. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने गाडीमालकाच्या बाजूने निकाल दिला, पण एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. म्हणणं असं की टेस्ट नसली तरी इन्शुरन्स कंपनी बाकीच्या पुराव्यावरून दारूचा अंमल सिद्ध करू शकते, पहाटेचा मोकळा रस्ता आणि गाडी अशी कशी आदळते हे पण बघा. त्या केसमध्ये ते योग्यच होतं असं मला वाटतं. पण तिकडे प्रश्न होता स्वतःच्या गाडीचा. तीच वासाची ओळ जखमी माणसाच्या दाव्यात वापरायची ठरवली तर काय होतं ते मी बघितलंय आणि ते बघवत नाही.

हेल्मेटवाला
म्हणजे काय होतं?

सुमीची_आई
मी सांगते दादा काय होतं. आमच्या घरात झालंय.

माझा दीर २०२२ च्या डिसेंबरात सायकलवरून घरी येत होता, मागून कारने उडवलं. डावा पाय मांडीपासून गेला. चालवणारा दारू प्यायलेला, बाहेर येऊन आमच्याच माणसाच्या उशाशी रस्त्यावर बसून रडत होता म्हणे, लोकांनी बघितलं. आम्ही पहिल्या दिवसापासून पोलिसांच्या मागे, रक्त घ्या, रक्त घ्या. माझ्या नवऱ्याने तर तिथे आवाज चढवला. घेतलं एकदाचं.

मग दाव्याची केस लागली. निळी प्लास्टिकची फाईल, तिच्यात डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, कृत्रिम पायाचं कोटेशन, सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स. पहिल्याच तारखेला कंपनीच्या वकिलाने काय मांडलं, की ड्रायव्हर दारू प्यायलेला होता, कलम १५० बघा, आमची जबाबदारी नाही. आमचे वकील बाहेर जिन्यात आले आणि म्हणाले, वहिनी, आता रक्ताचा रिपोर्ट कमी आलेला बरा. मला आधी समजलंच नाही. मग समजलं. ज्याने माझ्या दिराचा पाय नेला तो शुद्धीत होता असं निघावं म्हणून आम्ही मनात देवाला हात जोडत होतो. ज्या रिपोर्टसाठी नवरा पोलीस ठाण्यात भांडला तोच रिपोर्ट उलटा आमच्या गळ्यात. हे कोणाला कसं सांगायचं, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

केस चालू आहे. त्या माणसाच्या नावावर काही नाही, घर वडिलांच्या नावावर. विकून घ्या म्हणता ना, काय विकू?

भरधाव_बैलगाडी
वहिनी, यावर काय लिहू कळत नाहीये. मी धागा काढला तेव्हा हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

अर्धा_वकील
ताई, तुमच्या वकिलांनी हे पाहिलं असेलच तरी लिहितो, केरळ हायकोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये असं म्हटलंय की पॉलिसीत दारूची अट असली तरी ती तिऱ्हाइताच्या आड येत नाही, कंपनीने आधी भरावं आणि मग वसूल करावं. तो अपघात जुन्या कलमाखालचा आहे, त्यामुळे तुमच्याकडे समोरचा वकील तेवढं बोट ठेवणारच. पण त्यामागचा विचार कलम बदललं म्हणून शिळा होत नाही. थर्ड पार्टी पॉलिसीचा करार मालक आणि कंपनीचा, तुमचे दीर त्या करारात कुठेच नाहीत, मग त्यातली अट मोडल्याची शिक्षा त्यांना कशी?

हेल्मेटवाला
ताई, मी वर लिहिलेलं दागिने विका वगैरे ते रागात लिहिलं. जखमीला आधी मिळालेच पाहिजेत, हे मान्य. एवढंच मान्य. पण मग वसुली खरीच व्हायला हवी, नुसती निकालपत्रातली ओळ नको. कंपनी आधी भरते आणि मग परत कोर्टात जायचा कंटाळा म्हणून सोडून देते, तिला काय फरक पडतो. पगारातून कापा, दर महिन्याला पाच हजार का होईना, तीस वर्षं कापा. दर महिन्याला पगाराच्या स्लिपवर आठवण आली पाहिजे.

अर्धा_वकील
जर्मनीत वेगळंच आहे. तिकडे दारू पिऊन ठोकली तरी जखमीला कंपनी सगळं देते, आणि पिणाऱ्याकडून वसुली करते, पण त्या वसुलीला ५००० युरोची कमाल मर्यादा आहे.

हेल्मेटवाला
पाच हजार युरो?? म्हणजे माणूस मारा आणि सेकंडहँड कारच्या किमतीत सुटा? ही काय पद्धत झाली.

वाकडी_नंबरप्लेट
सुटत नाही हो, तुरुंग आणि लायसन्स ते वेगळं चालूच असतं. त्यांचा हिशोब असा असणार की तीस वर्षं पगार कापला तर त्याची बायकोपोरं रस्त्यावर, त्यांचा काय गुन्हा. तुम्ही जखमीच्या घराचा विचार करता, पिणाऱ्यालाही घर असतं. आपल्याकडे मालक-चालकासाठी तो १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा आहे ना, तो पिऊन मेला तर त्याच्या बायकोला त्यातलं काहीच मिळत नाही. तिने काय ओतली होती का ग्लासात?

क्लेमची_फाईल
हा मुद्दा खरा आहे. अशा घरी मी पत्र द्यायला गेलोय. त्यापेक्षा पोस्टाने पाठवलेलं परवडतं.

टुरिस्ट_परमिट
माझ्या चार गाड्या आहेत, चारही पगारी ड्रायव्हर चालवतात. तुम्ही सगळे पिणाऱ्याकडून वसूल करा म्हणता पण ऑर्डर निघते ती मालकाकडून वसूल करा अशी, कारण पॉलिसी माझ्या नावावर. मी घरी झोपलेलो, ड्रायव्हर दोनशे किलोमीटर लांब ढाब्यावर पितो आणि कोणाला तरी उडवतो, पंचवीस लाख मी द्यायचे? चारही गाड्या विकल्या तर तेवढे येतील का माहीत नाही, त्यातल्या दोन बँकेच्याच आहेत. मी एक थेंब पीत नाही.

हेल्मेटवाला
ड्रायव्हर तुम्ही ठेवलात ना? भाडं तुम्ही घेता ना?

टुरिस्ट_परमिट
भाडं घेतो म्हणून त्याच्या पोटात काय चाललंय ते मला दिसतं का?

अर्धा_वकील
सुप्रीम कोर्टाने २००४ साली स्वर्णसिंग केसमध्ये लायसन्सच्या बाबतीत असं धरलं होतं की चालकाचं लायसन्स खोटं होतं एवढ्यावर कंपनी सुटत नाही, मालकाने स्वतः हलगर्जीपणा केला हे तिने दाखवायला हवं. दारूलाही हाच न्याय लावावा असं माझं मत. मालकाला माहीत असून किल्ली दिली तर करा वसूल. माहीतच नव्हतं तर नाही.

क्लेमची_फाईल
मग सगळेच मालक म्हणतील माहीत नव्हतं. म्हणतातच. अजून एकही मालक असा भेटला नाही जो म्हणाला हो मला माहीत होतं. बापाने पोराला गाडी दिलेली असते, पोराचे फोटो सगळ्या गावाने बघितलेले असतात, बाप म्हणतो आमचा मुलगा सुपारीसुद्धा खात नाही. म्हणून मालकाने काय काळजी घेतली ते दाखवायची जबाबदारी मालकावरच टाका. धंद्याच्या गाड्या असतील तर मशीन ठेवा, नोंदवही ठेवा.

टुरिस्ट_परमिट
मशीन आणलंय दादा, मागच्याच महिन्यात, फुंकायचं ते. पहिल्याच दिवशी सगळ्यात जुन्या ड्रायव्हरपुढे धरलं, अकरा वर्षं आहे माझ्याकडे, तर म्हणाला शेठ मला दारूडा समजता का, आणि किल्ली टेबलावर ठेवून गेला. दोन दिवस आला नाही.

सुमीची_आई
तिसऱ्या दिवशी आला ना? मग त्यालाच आधी फुंकायला लावा.