‘निर्वाचक’ म्हणजे मतदारच का? लिश्टेनस्टाइनच्या १८६२ च्या निवडणुकीसाठी शब्द हवा आहे

प्रश्न:
लिश्टेनस्टाइन या युरोपातल्या छोट्या जर्मनभाषक देशाच्या पहिल्या निवडणुकीवर टिपण लिहितो आहे. २६ सप्टेंबर १८६२ ला प्रिन्स योहान दुसरे यांनी संविधान दिलं आणि १५ जणांची ‘लांडटाग’, म्हणजे संसद, ठरली. त्यातले तिघे प्रिन्स नेमणार. उरलेले १२ निवडून येणार, पण थेट नाही. गावागावातले पुरुष दर शंभर रहिवाशांमागे दोन ‘वालमान’ निवडत आणि हे वालमान सदस्य निवडत. वालमानला मी ‘निर्वाचक’ लिहिलं. बहिणीने वाचून विचारलं, “म्हणजे मतदारच ना?” तिचं चुकलं असं म्हणवत नाही. शिवाय ‘प्रिन्स’ला राजपुत्र आणि त्याच्या राज्याला संस्थान चालेल का?

उत्तर १:
राजपुत्र नकोच! जर्मनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. गादीवर बसलेला तो ‘फ्युर्स्ट’, राजघराण्यातला मुलगा तो ‘प्रिंत्स’. इंग्रजीने दोघांना एकाच शब्दात कोंबलं आणि आपण तो घोटाळा उचलला. योहान १८५८ पासून गादीवर होते, १९२९ पर्यंत राहिले. सत्तर वर्षं राज्य केलेल्या माणसाला राजपुत्र म्हणायचं? ‘अधिपती’ लिहा.

‘संस्थान’ही मला खटकतं. आपल्या कानाला त्यात सांगली, औंध, अक्कलकोट ऐकू येतं आणि मागे ब्रिटिश रेसिडेंट दिसतो. लिश्टेनस्टाइन १८०६ पासून सार्वभौम आहे. ‘छोटं राज्य’ म्हटलं की काम होतं.

नेमलेल्या तिघांसाठी ‘नामनिर्देशित’ बरोबर आहे, पण ‘राज्यपालनियुक्त आमदार’ आपल्या तोंडात बसलेलं आहे. त्याच धर्तीवर ‘अधिपतीनियुक्त’ करून पाहा.

उत्तर २:
मूळ प्रश्न वालमानचा आहे. ‘वाल’ म्हणजे निवड, ‘मान’ म्हणजे पुरुष. तिथे पुरुष हा शब्द अक्षरशः खरा होता, कारण त्या देशात बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळालं ते १९८४ मध्ये.

राष्ट्रपती निवडणारा तो आपला ‘निर्वाचकगण’, पण त्यातले खासदार-आमदार मुळात दुसऱ्या कामासाठी निवडून आलेले असतात. वालमान निवडला जाई तो पुढची निवड करण्यासाठी. म्हणून मला ‘निवडप्रतिनिधी’ सुचतं.

उत्तर १:
ताई, त्यात गोंधळ वाढेल. लांडटागचा सदस्यही लोकप्रतिनिधीच, मग एका वाक्यात दोन प्रतिनिधी येतील. ‘निवडकर्ता’ घ्या ना. क्रिकेटमुळे हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. निवडकर्ते मोजके असतात, आणि संघ त्यांनी निवडायचा असतो. त्यांना कोणी मतदार समजत नाही.

उत्तर २:
पटलं, हे माझ्या शब्दापेक्षा चांगलं आहे. मग ‘अप्रत्यक्ष निवडणूक’ही बदला. अप्रत्यक्ष म्हटलं की काहीतरी आडून चालल्यासारखं वाटतं. सरपंच ‘थेट जनतेतून’ की ‘सदस्यांतून’, हा फरक गावात कोणालाही कळतो. त्याच भाषेत बोलू या.

प्रश्नकर्ता:
आता असं लिहितो: “लोकांनी आधी गावोगावचे निवडकर्ते निवडले आणि लांडटागचे बारा सदस्य थेट जनतेतून न येता या निवडकर्त्यांकडून निवडले गेले. सदस्य थेट जनतेतून यायला १९१८ उजाडलं.” बहिणीला वाचून दाखवलं. या वेळी तिने विचारलं, “मग निवडकर्ते कोण झाले होते?”