पीएस५ वर ऑनलाइन खेळताना शिवीगाळ, टीव्हीतून घरभर ऐकू येते. नेमकं काय बंद करायचं?

मानेवाडा_आई

नमस्कार मंडळी. मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. पीएस५ (सोनीचं प्लेस्टेशन ५ हे गेमचं मशीन, म्हणजे कन्सोल) हॉलमध्ये टीव्हीला जोडलेला आहे. फोर्टनाइट आणि ईए एफसी (फुटबॉलचा गेम) खेळतो, कधीमधी मित्राच्या घरी कॉल ऑफ ड्यूटी. हेडफोन नाही, त्यामुळे पलीकडच्यांच्या आईबहिणीवरच्या शिव्या थेट टीव्हीतून येतात आणि सासूबाई तिथेच वाती वळत बसलेल्या असतात. मॅच जिंकली की इनबॉक्समध्येही घाण मेसेज येतात. आता हाही उलट बोलायला लागलाय.

खेळ पूर्ण बंद करायचा नाहीये. शाळेतले मित्र तिथेच भेटतात, आणि मे महिन्यात नागपूरच्या दुपारी बाहेर तरी कुठे पाठवणार? कोणतं बटण, कोणती सेटिंग, आणि रिपोर्ट करून खरंच काही होतं का, हे सांगा. अकाउंट त्याने स्वतःच उघडलंय. जन्मतारीख काय टाकली ते विचारलं तर विषय बदलतो.

---

तर्री_पोहा

ताई, पहिले कंट्रोलर हातात घ्या. हेडफोन नाही म्हणजे माईक नाही, असं नसते. ड्युअलसेन्सच्या, म्हणजे त्या कंट्रोलरच्या आतच माईक आहे. तिकडचं तुम्हाले ऐकू येऊन राहिलं तसं तुमच्या घरचं तिकडे जाऊन राहिलं. कुकरची शिटी, "अरे जेवून घे", सासूबाईंचा हरिपाठ, सगळं. पोट्टा लहान आहे अन् मागून आई हाका मारते हे कळलं की टवाळांले आयता विषय भेटते. अर्धी चिडवाचिडवी तिथूनच सुरू होते.

पीएस बटणाच्या खाली एक लहान आडवं बटण आहे. एकदा दाबा, नारिंगी लाइट लागते, माईक बंद. तेच दाबून धरलं तर टीव्हीचा आवाजही बंद होते. पाहुणे आले तेव्हा हे कामाचं. रोज दाबायची आठवण राहत नाही म्हणून सेटिंग्ज, मग साउंड, मग मायक्रोफोनमध्ये जा आणि लॉग-इन झाल्यावर माईकची स्थिती म्यूट करून ठेवा. बोलायचं असलं तर तो स्वतः उघडेल.

सासूबाईंसाठी उपाय सोपा आहे. मोबाइलचा साधा वायरवाला इअरफोन चालते, पिनवर तीन काळे पट्टे असले पाहिजे म्हणजे त्यात माईक आहे. कंट्रोलरच्या ३.५ एमएम भोकात लावा. मग साउंडमध्ये ऑडिओ आउटपुटखाली हेडफोनला काय पाठवायचं ते विचारते, तिथे "चॅट ऑडिओ" निवडा. गेमचा आवाज टीव्हीवर, माणसांचा आवाज फक्त कानात. सीताबर्डीत दोनशे-तीनशे रुपयांत मिळून जाते, गेमिंगच्या नावाचा महागडा घ्यायची गरज नाही.

---

लक्ष्मीनगर_लॅग

वरचं बरोबर आहे, पण इअरफोन लावल्याने शिव्या थांबत नाहीत. आईला ऐकू येणं तेवढं थांबतं. १३ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो आधीपेक्षा वाईट सौदा आहे. आधी खालचं सगळं करा, मगच इअरफोन घ्या.

जन्मतारखेपासून सुरू करा, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. त्याने १८ च्या वरचं वय टाकलं असेल तर सोनीच्या लेखी तो प्रौढ आहे, आणि प्रौढ अकाउंटवर पालकांचं कोणतंही नियंत्रण लागत नाही. कुटुंबात जोडलं तरी तो "प्रौढ सदस्य" म्हणूनच जोडला जातो. अशा वेळी सरळ मार्ग हा: तुमचं स्वतःचं प्रौढ अकाउंट उघडा, सेटिंग्जमधल्या फॅमिली अँड पेरेंटल कंट्रोल्समध्ये फॅमिली मॅनेजमेंट आहे, तिथून त्याच्या खऱ्या जन्मतारखेचं चाइल्ड अकाउंट तयार करा. जुन्या ट्रॉफ्या (गेममध्ये मिळवलेली बक्षिसं) आणि एफसीमधला अल्टिमेट टीमचा क्लब (त्याने जमवलेला संघ) नव्या अकाउंटवर येणार नाही. यावरून रडारड होणार, मनाची तयारी ठेवा. विकत घेतलेले गेम मात्र वाया जात नाहीत. ज्या अकाउंटवर घेतले त्याचं "कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले" या मशीनवर चालू असेल तर घरातला दुसरा युजरही ते खेळू शकतो. पीएस प्लसचं (सोनीच्या पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाचं) ऑनलाइन खेळणंही तसंच वाटलं जातं.

आता लोक हमखास विसरतात ते. कन्सोलचा रिस्ट्रिक्शन पासकोड मुळात ०००० असतो. मुलांना तो पाठ असतो. तो बदला, नवा युजर तयार करण्यावर आणि गेस्ट लॉग-इनवर बंदी घाला, आणि तुमच्या युजरला लॉग-इन पासकोड लावा. नाहीतर तो दोन मिनिटांत वेगळा युजर उघडून जिथल्या तिथे येईल.

चाइल्ड अकाउंट झालं की "कम्युनिकेशन अँड युजर-जनरेटेड कंटेंट" रिस्ट्रिक्ट करता येतं. त्याने बोलणं आणि मेसेज दोन्ही बंद होतात. एखाद्या गेमपुरती सूट हवी असेल तर तो विनंती पाठवतो, तुम्ही त्या एका गेमला परवानगी देता. २०२५ पासून सोनीचं पालकांसाठी वेगळं मोबाइल अॅपही आहे, त्यामुळे दर वेळी कन्सोल सुरू करून बसावं लागत नाही.

---

सावजी_तिखट

पूर्ण बंद करण्याच्या मी विरोधात आहे. तेराव्या वर्षी सगळं बंद केलं तर पोरगं मित्राच्या घरी जाऊन खेळेल, तिथे काहीच सेटिंग नसेल. दार बंद करू नका, आत कोण येतं ते ठरवा.

सेटिंग्ज, युजर्स अँड अकाउंट्स, प्रायव्हसी. तिथे मेसेज कोण पाठवू शकतं, फ्रेंड रिक्वेस्ट कोण पाठवू शकतं असे वेगवेगळे प्रश्न आहेत. मेसेज "फ्रेंड्स ओन्ली" करा. एफसी हरल्यावर जो अनोळखी माणूस इनबॉक्समध्ये घाण टाकतो त्याचा रस्ता एवढ्यानेच बंद होतो. फ्रेंड रिक्वेस्ट "फ्रेंड्स ऑफ फ्रेंड्स". मग वर्गातल्या पोरांची पार्टी (कन्सोलवरचा बोलायचा ग्रुप) करा, ती क्लोज्ड ठेवा. ओपन पार्टीत मित्राचा मित्र न विचारता घुसू शकतो. पार्टीत बोलत असताना गेममधल्या अनोळखी लोकांचा आवाज येत नाही, त्यामुळे बहुतेक प्रश्न तिथेच मिटतो.

फोर्टनाइटला मात्र स्वतःच्या सेटिंग्ज आहेत, कन्सोलच्या भरवशावर राहू नका. त्यात पालकांसाठी ६ आकडी पिन आहे. पिन लावून व्हॉइस चॅट "फ्रेंड्स ओन्ली" करा. "फ्रेंड्स अँड टीममेट्स" ठेवलं तर स्क्वॉडमध्ये आपोआप भरलेला अनोळखी टीममेटही बोलू शकतो, आणि शिव्या नेमक्या त्याच्याच असतात. जागा दाखवायला, शत्रू दाखवायला पिंग (बटण दाबून स्क्रीनवर खूण करणं) पुरतं, बोलावं लागत नाही.

मजकुराचा फिल्टर चालू ठेवा, पण फार आशा नको. रोमन अक्षरांत स्पेलिंग मोडून लिहिलेली आपल्याकडची शिवी तो सहज सोडून देतो.

---

अंबाझरी_रिस्पॉन

रिपोर्टबद्दल कोणी नीट लिहिलं नाही, म्हणून लिहितो. रिपोर्टने काम होतं, पण लोक चुकीच्या क्रमाने करतात.

क्रम असा: आपला माईक बंद, त्याला म्यूट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. मेसेज असेल तर रिपोर्ट होईपर्यंत डिलीट करू नका, मेसेज हाच पुरावा असतो. कंट्रोलरवर टचपॅडच्या डावीकडचं क्रिएट बटण दाबून धरलं की स्क्रीनशॉट निघतो, तोही घेऊन ठेवा.

पार्टीमध्ये कोणी शिव्या दिल्या तर पीएस५ कडे शेवटची ५ मिनिटं असतात. रिपोर्ट करताना त्यातले २० सेकंद निवडायचे, आधीचे १० आणि नंतरचे १० सेकंद आपोआप जोडले जातात, असा ४० सेकंदांचा तुकडा जातो. म्हणजे मॅच संपली, पाणी पिऊन आलो, मग करू, असं केलं की ती वेळ निघून गेलेली असते. हे फक्त सोनीच्या पार्टी चॅटसाठी आहे. गेमच्या आतल्या चॅटमध्ये कोणी बोललं तर त्याच गेममधून रिपोर्ट करावा लागतो. फोर्टनाइटही शेवटच्या ५ मिनिटांचा आवाज राखून ठेवतं, आणि १८ खालच्यांसाठी ते बंदच करता येत नाही.

ब्लॉकचीही गंमत आहे. प्लेस्टेशनवर ब्लॉक केलेला माणूस मेसेज करू शकत नाही, पण तो तुमच्या मॅचमध्ये पुन्हा येऊच शकत नाही असं नाही. आणि क्रॉसप्ले (वेगवेगळ्या मशीनवरच्यांनी एकत्र खेळणं) चालू असेल तर समोरचा एक्सबॉक्स किंवा पीसीवर असू शकतो. त्याला प्लेस्टेशनच्या यादीत शोधत बसाल, सापडणार नाही. तो गेमच्या यादीतून, म्हणजे एपिक (फोर्टनाइटवाले) किंवा अॅक्टिव्हिजनच्या (कॉल ऑफ ड्यूटीवाले) आयडीवर ब्लॉक करायचा.

कॉल ऑफ ड्यूटी आवाज ऐकून शिव्या पकडतं असं पुष्कळांनी ऐकलंय. ती टॉक्समॉड यंत्रणा २०२३ मध्ये मॉडर्न वॉरफेअर ३ सोबत आली, पण तेव्हा आशिया वगळून आणि सुरुवातीला इंग्रजीसाठीच. आपल्या गल्लीतली शिवी मशीन आपोआप पकडेल या भरवशावर बसू नका. हाताने रिपोर्ट करा, प्रकार नीट निवडा. धमकी असेल तर धमकी, जातीवरून किंवा धर्मावरून बोलला असेल तर द्वेष. सगळंच "शिवीगाळ" मध्ये टाकलं की गंभीर प्रकरणही हलकं होतं. लिहायला जागा असेल तर शब्दाचा अर्थ एका ओळीत इंग्रजीत द्या, वाचणाऱ्याला मराठी येत असेलच असं नाही.

आणखी एक. गोल मारून दहा सेकंद नाचणारा, २-० आघाडीवर बॉल मागच्या मागे फिरवत बसणारा, रॉकेट लीगमध्ये (गाड्यांनी फुटबॉल खेळायचा गेम) आपण गोल खाल्ला की "व्हॉट अ सेव्ह!" चार वेळा दाबणारा, हे सगळे बालिश आहेत, शिवीगाळ करणारे नाहीत. त्यांचा रिपोर्ट करू नका. रॉकेट लीगमध्ये चॅट सेटिंगमधून बंद होतं. एफसीमध्ये दात ओठ खाऊन पुढची मॅच, दुसरा इलाज नाही.

---

जरीपटका_जॉयस्टिक

कोणाकडे एक्सबॉक्स असेल तर: मेसेज सेफ्टीमध्ये फ्रेंडली, मीडियम, मॅच्युअर, अनफिल्टर्ड असे चार स्तर आहेत, पोरांसाठी फ्रेंडली. जुलै २०२३ पासून ६० सेकंदांचा व्हॉइस क्लिप पकडून ठेवता येतो आणि मॅच संपल्यावर निवांत पाठवता येतो. या बाबतीत एक्सबॉक्स पुढे आहे.

ताईंचा मुलगा उलट बोलतो म्हणून हे मुद्दाम: तिथे २०२३ पासून स्ट्राइकची, म्हणजे चुकीच्या वागण्याबद्दल खात्यावर दंडाची नोंद करण्याची पद्धत आहे. साध्या शिवीला १, द्वेषाच्या भाषेला ३. प्रत्येक स्ट्राइक सहा महिने खात्यावर राहतो आणि ८ झाले की वर्षभर चॅट, पार्टी, मल्टिप्लेअर सगळं बंद. सुरुवात कोणी केली हे तिथे मोजत नाहीत. उलट शिवी देणाऱ्याचा रिपोर्ट होतो आणि सुरुवात करणारा मोकळा सुटतो, असं सर्रास होतं. पोरांना संस्कारांपेक्षा हा हिशोब पटकन कळतो.

---

मानेवाडा_आई

सगळ्यांचे आभार. जन्मतारीख निघाली: १ जानेवारी २०००! आज चाइल्ड अकाउंट करते. दोन शंका. त्याच्या आयडीत नाव, जन्मसाल आणि शेवटी "एनजीपी" (नागपूर) आहे, हे चालेल का? आणि एक जण "नंबर दे, व्हॉट्सॲपवर टीम बनवू" म्हणून मागे लागलाय, त्याला लगेच ब्लॉक करू का?

---

अंबाझरी_रिस्पॉन

त्या आयडीतून वय आणि गाव दोन्ही फुकट कळतंय. नवं अकाउंट करतच आहात तर त्यात नाव, साल, शहर, शाळा काहीच ठेवू नका. जुनंच ठेवणार असाल तर प्लेस्टेशनवर आयडी पहिल्यांदा बदलणं फुकट आहे, पुढच्या वेळी पैसे लागतात.

नंबर मागणाऱ्याला आधी ब्लॉक नको. सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट, त्याचा आयडी, तारीख आणि वेळ लिहून ठेवा, रिपोर्ट करा, मग ब्लॉक. मुलाकडून नंबर किंवा फोटो आधीच गेला आहे का, ते न ओरडता विचारा. ओरडलात तर खरं सांगणार नाही. फोटो मागितला असेल, भेटायला बोलावलं असेल किंवा धमकी असेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करा, किंवा स्क्रीनशॉट घेऊन शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. स्किन (गेममधला पोशाख) किंवा व्ही-बक्सच्या (फोर्टनाइटमधलं चलन) नावाने पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तिथे तासातासाने फरक पडतो. मुलांची हेल्पलाइन १०९८.

---

तर्री_पोहा

अन् ताई, नवं अकाउंट केलं की माईकची ती सेटिंग पुन्हा करा, ती प्रत्येक युजरची वेगळी असते. जुन्यात म्यूट केलं म्हणून नव्यातही झालं असं समजू नका. नाहीतर उद्या हरिपाठ पुन्हा लाइव्ह.